पुंगळीचं वाचन

थ्री-नॉट-थ्रीची डागलेली पुंगळी हातात घ्यावी आणि आधी तिच्या खांद्याकडे बघावं. मान आणि धड यांच्यामधला हा उतार कारखान्यातून निघताना जिथे होता, तिथून थोडा पुढे सरकलेला दिसतो. दारू पेटली की दाबाने पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतींना टेकतं आणि जवळपास त्याच आकारात राहतं. म्हणजे डागलेली पुंगळी हा त्या एका रायफलचा ठसा असतो. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका इथे हेच काडतूस डागणाऱ्या जुन्या ली-एन्फील्ड रायफलींसाठी हाताने काडतुसं भरणारे लोक आहेत. त्यांच्या कलेचा आरंभ या ठशाच्या वाचनात आहे. दारूचा तराजू नंतर येतो.

ठसा इतका ठळक का उमटतो, याचं उत्तर रायफलच्या घडणीत आहे. ली-एन्फील्डचा बोल्ट मागच्या टोकाशी अडकतो, त्यामुळे बार होताना तो किंचित दबतो आणि बंदुकीचं अंगही थोडं ताणलं जातं. शिवाय लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं. चिखलाने माखलेलं काडतूसही आत जावं म्हणून. काडतूस आपल्या बुडाच्या काठावर टेकतं, तेव्हा खांद्यापुढची मोकळी जागा युद्धात चालून गेली. सैनिक पुंगळी एकदाच वापरत होता. तीच पुन्हा पुन्हा वापरायची म्हटल्यावर मात्र हे ऐसपैसपण पितळाला सोसावं लागतं. बुडाच्या जरा वर ते पातळ होत जातं, बाहेरून एक चकचकीत कडं दिसू लागतं आणि एक दिवस पुंगळी तिथेच तुटते.

इथे जाणकाराचा हात ओळखू येतो. तो पूर्ण साच्यातून पुंगळी दाबून तिला कारखान्याच्या मापावर परत नेत नाही. गोळी घट्ट बसेल इतकीच मान आवळतो; धड आणि खांदा रायफलने दिलेल्या आकारात ठेवतो. मग ती पुंगळी त्याच रायफलची होते, दुसरीत ती जाईलच असं नाही. गाणाऱ्याच्या पट्टीत तबला लावून घ्यावा, तसं हे काम आहे. वाकवलेल्या तारेचं टोक आत फिरवून तो भिंत चाचपतो. खाच लागली की ती पुंगळी बाद. वारंवार आवळल्याने कडक झालेली मान तो तापवून मऊ करतो, पण बूड तापू देत नाही. दाबाचा भार बुडालाच पेलायचा असतो.

नळीचंही वाचन होतं. शिशाचा मऊ तुकडा नळीतून हळूच ढकलून त्यावर उमटलेल्या खाचा मायक्रोमीटरने मोजतात. नाव ०.३०३ असलं तरी गोळीचा व्यास ०.३११ इंचाच्या आसपास असतो, आणि युद्धकाळातल्या नळ्यांची मापं त्याहूनही पुढे जातात. झिजलेल्या नळीला सपाट बुडाची गोळी बहुधा अधिक मानवते. झीज कशाने झाली, त्यालाही इतिहास आहे. १८८८ साली हे काडतूस आलं तेव्हा त्यात काळी दारू होती. काही वर्षांतच एबल आणि ड्युअर यांनी घडवलेलं कॉर्डाइट आलं: शेवयांसारख्या काड्या, निम्म्याहून अधिक नायट्रोग्लिसरीन, धग भयंकर. नळीतल्या मेटफर्ड पद्धतीच्या उथळ खाचा त्यापुढे टिकेनात, म्हणून १८९५ मध्ये एन्फील्डच्या खोल खाचा आल्या. त्या काड्या अरुंद मानेतून आत जात नसत. म्हणून कारखान्यात आधी कॉर्डाइट भरत आणि मग पुंगळीला मान काढत.

बुडावरची अक्षरं वाचताना आपला माणूस जरा थांबतो. ‘के एफ’ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ सालचा. आपल्याकडे हे काडतूस नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, पण खडकीचं पितळ जगभर फिरलं आहे. त्यातला प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टिकली, बर्डन पद्धतीचा. ऐरण पुंगळीतच, बाजूला दोन बारीक छिद्रं. त्यामुळे तो काढणं कटकटीचं. बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच छिद्र असतं आणि सुईने जुना प्रायमर सहज निघतो, म्हणून भरणारे ते पितळ निवडतात. लाभ आणखी एक: जुन्या लष्करी प्रायमरमागे ओल ओढणारा क्षार उरून नळी गंजते, नवा प्रायमर तिला जपतो.

इतक्या खटाटोपानंतर भरायचं किती? १९१० च्या मार्क सात काडतुसात १७४ ग्रेनची टोकदार गोळी सेकंदाला सुमारे २४४० फूट वेगाने सुटे. मागच्या साइटवर कोरलेले यार्डांचे आकडे याच वेगावर बेतलेले आहेत. म्हणून समजदार माणूस त्या वेगाच्या पुढे जात नाही. पुष्कळदा अलीकडेच थांबतो. आधुनिक दारू अधिक वेग देऊ शकेल, पण मग साइट खोटी पडेल आणि शंभरी गाठलेल्या पोलादावर ताण येईल. या कलेत मला सर्वांत मोठं वाटतं ते हे थांबणं. सामर्थ्य वाढवण्याची सोय हाताशी असताना हा माणूस मोजमाप करतो ते जुन्या कारागिरांचा हिशेब आजही बरोबर यावा यासाठी. साइट तीनशेवर लावली आणि तीनशे यार्डांवरचा कागद मधोमध फाटला, की तो हिशेब जुळला.