छताला टांगलेली बाग

केंपेगौडा विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं उद्घाटन नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. तेव्हापासून बेंगळुरूच्या वास्तुकलेवर जे काही छापून येतं, ते बांबू आणि वेलींच्या पुढे सरकतच नाही. ‘बागेतलं टर्मिनल’ म्हणे! छतभर बांबूच्या पट्ट्या, वरून लोंबणाऱ्या घंटेसारख्या कुंड्या, आत धबधबा. ‘एसओएम’ या अमेरिकी कंपनीचं काम सफाईदार आहे, यात वाद नाही. विमानतळ बंदिस्त आणि वातानुकूलित असणार, त्यालाही इलाज नाही. पण उद्या त्या कुंड्या उतरवल्या, तर माणसाच्या चालण्या-थांबण्यात, उजेडाच्या वाटेत काय फरक पडेल? फारसा नाहीच. मग ही सजावट झाली. सजावटीला कोण नाही म्हणतो? पण तिला ‘संकल्पना’ म्हणून डोक्यावर घेतलेलं पाहिलं, की डोकं फिरतं.

हीच कसोटी बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या आयआयएमला लावून पाहा. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले. घरी फर्निचरचा धंदा, मग जे. जे., मग पॅरिसला कॉर्ब्युझिएंकडे उमेदवारी. १९७७ पासून त्यांनी हा परिसर आखला. ‘थ्री इडियट्स’मुळे तिथल्या ओसऱ्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत; आता आमिर खानला वगळून त्या बघा. दोन्ही बाजूंना खडबडीत करड्या ग्रॅनाइटच्या भिंती. मार्ग कुठे अंगावर येईल इतका उंच, कुठे एकदम मोकळा. मध्येच स्लॅब संपतो, नुसत्या तुळया उरतात आणि फरशीवर उन्हाचे पट्टे पडतात. वेली इथेही आहेत. त्या काढल्या तरी पट्टे राहतात, वारा राहतो आणि वर्गातून बाहेर पडलेली चार पोरं वाद घालत थबकतात तो कोपराही राहतो. शिक्षण वर्गाबाहेरही होतं, हे दोशींनी नुसतं भाषणात सांगितलं नाही. जाण्यायेण्याला लागतो त्यापेक्षा रुंद रस्ता बांधून ठेवला. फत्तेपूर सिक्रीचं ऋण ते मोकळेपणानं मान्य करत, पण बेंगळुरूची नऊशे मीटर उंची आणि तिची सौम्य हवा हाताशी नसती, तर हे जमलं नसतं. नागपुरात हाच आराखडा मे महिन्यात निकालात निघाला असता.

बाकीच्यांचं थोडक्यात उरकतो. विधानसौध म्हणजे ग्रॅनाइटमध्ये कोरलेला राजकीय हट्ट. आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या पेट्यांबद्दल वास्तुकाराशी नव्हे, एसीवाल्याशी बोलावं. कस्तुरबा रस्त्यावरचं नवं कलासंग्रहालय पोलादी पत्र्यात चकाकतं, चकाको.

खरी हिंमत मला दिसते ती चित्रा विश्वनाथ आणि त्यांच्या ‘बायोम’च्या मातीच्या घरांत. बेंगळुरूची मध्यमवर्गीय साइट तीस बाय चाळीस फुटांची. तिच्यावर घर बांधताना खड्डा खणायचा, निघालेल्या मातीत थोडं सिमेंट मिसळायचं, यंत्रात दाबून विटा पाडायच्या आणि भट्टीत न घालता पाणी मारत मुरवायच्या. या विटांवर आपल्याच भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र’ या केंद्रानं सत्तरच्या दशकापासून काम केलं आहे. भिंती त्या मातीच्या उभ्या राहतात आणि खड्डा मोकळा उरतो: तिथे तळघर होतं, नाहीतर पावसाच्या पाण्याची टाकी. खाली जितकं खणलं, तितकं वर बांधलं. या घराचा विचार समजायला रंगीत चित्र लागत नाही. उभा छेद काढला की पुरे.

आणि नेमका तोच कोणी मागत नाही. घरमालक येतो तो मोबाइलवरचा फोटो दाखवत ‘असं एलिव्हेशन करून द्या’ म्हणत. विद्यार्थी ज्यूरीला रेंडर घेऊन उभा राहतो; त्यात आकाश गुलाबी, गच्चीवर झाडं, आणि झाडांना माती किती खोल लागेल याचा पत्ता नाही. परीक्षकही विचारत नाहीत. ‘गिऱ्हाईकच तसं मागतं’ ही आमच्या वास्तुकारांची ठरलेली सबब. मला ती मान्य नाही. आयआयएमचं गिऱ्हाईक कोणी रसिक संस्थानिक नव्हतं, सरकारी संस्था होती. मातीची घरं बांधून घेणारेही ऋषिमुनी नाहीत. त्यांनाही पार्किंग हवं असतं, पाहुण्यांसाठी जादा खोली हवी असते. फरक इतकाच, की समोर बसलेल्या वास्तुकारानं त्यांना भिंत कशाची आणि पाणी कुठलं हे दोन प्रश्न आधी विचारले, दर्शनी बाजूचं नंतर बघू म्हटलं. जो हे विचारत नाही, त्यानं एलिव्हेशनचे पैसे खुशाल घ्यावेत, पण पाटीवर वास्तुकार लिहू नये. बिल्डरांचं तर काय बोलावं! सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली ज्या जिन्या-बोळांचे पैसे ते बिनदिक्कत वसूल करतात, तेच बोळ माणसं उभी राहतील इतके रुंद करा म्हटलं की त्यांना जागा वाया गेल्यासारखी वाटते.