आवाज हरवलेली रीळ

आईला तिचेच जुने बोलणे ऐकवावे आणि तिने ‘मी असे बोललेच नाही’ म्हणावे, हे घरोघरी घडते. आन्री साला या अल्बेनियन कलावंताच्या ‘इंटरव्हिस्टा’ (१९९८) या चित्रफितीत हा घरगुती प्रसंग एका देशाचा होतो.

१९७४ मध्ये तिरानात जन्मलेल्या सालाला एक जुनी रीळ सापडते. तीत त्याची तरुण आई आहे. साम्यवादी युवक संघटनेची कार्यकर्ती, हुकूमशहा एन्वर होजाच्या सभेत, पुढे मुलाखत देणारी. पण आवाज गायब! मुलगा मूकबधिरांच्या शाळेत जातो. तिथे ओठ वाचून आईचे लफ्ज परत मिळतात. ते वाचून आई चक्रावते. आपल्याला नीट बोलता येत होते, मग ही अर्थहीन वाक्ये आपली कशी?

मी शाळेत शिकवते, म्हणून हे मला जास्त लागले. सव्वीस जानेवारीला मुले हातवारे करून तकरीर करतात. नंतर अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात. त्यांचे ओठ कुणी वाचले, तर शब्द माझेच निघतील.

१९६७ मध्ये मशिदी आणि चर्च दोन्ही बंद करणाऱ्या राजवटीच्या गुन्ह्यांची यादी देऊन साला मोकळा होऊ शकला असता. तो आईला आरोपी करीत नाही, निर्दोषही ठरवीत नाही. समाजवादानंतरचे सुखही तो दाखवीत नाही. कसे दाखवणार? १९९७ मध्ये दामदुपटीच्या योजना कोसळून लोकांची पुंजी नुकतीच बुडाली होती.

त्याच्या ‘दम्मी इ कोलोरी’ (२००३) बद्दल मात्र माझी तक्रार आहे. रात्रीची तिराना, रंगवलेल्या इमारती, खाली चिखल आणि खड्डे. या रंगांमागची कल्पना सांगतात महापौर एदी रामा, जे स्वतः चित्रकार, सालाचे मित्र आणि २०१३ पासून देशाचे पंतप्रधान. बोलतात ते सुंदर. पण त्या भिंतींआड राहणाऱ्यांना कुणी विचारत नाही. ज्या कलावंताने आईच्या मुक्या ओठांसाठी एवढी पायपीट केली, त्याने इथे कॅमेरा गाडीतून खाली का उतरवला नाही?