ढोल वर, माणसे खाली

२०१० च्या उन्हाळ्यात आम्ही लंडनला मुलीकडे राहायला गेलो होतो. जुलैमधल्या एका संध्याकाळी नातीने सॅडलर्स वेल्स नाट्यगृहाची दोन तिकिटे आणली. "आजी, आपल्या यरुशलेमचा मुलगा आहे. पण आवाज फार मोठा असतो हं," असे तिने आधीच बजावले. आम्ही म्हटले, सारी हयात शाळेच्या गोंगाटात गेली, आवाजाचे आम्हांला काय भय! हे शब्द खेळ सुरू झाल्यावर पाच मिनिटांत गिळावे लागले.

नृत्याचे नाव 'पोलिटिकल मदर'. त्याचा पहिला प्रयोग त्याच वर्षी मे महिन्यात ब्रायटनच्या महोत्सवात झाला आणि दोन महिन्यांनी ते लंडनला आले. खेळ सुमारे ७० मिनिटांचा, मध्यंतर नाही. आम्ही नृत्याचे जाणकार नव्हे, पण जे पाहिले ते मनातून गेले नाही, आणि ते आपल्या वाचकांच्या अनुभवाशी इतके जवळचे आहे की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

होफेश शेख्टर यांचा जन्म १९७५ चा, यरुशलेमचा. 'होफेश' म्हणजे मोकळीक, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. लहानपणी ते पियानो शिकले, मग नृत्याकडे वळले, तेल अवीवच्या बतशेवा मंडळीत नाचले. पुढे त्यांनी पॅरिसला तालवाद्यांचे शिक्षण घेतले आणि २००२ मध्ये ते इंग्लंडला गेले. 'अपरायझिंग' (२००६) आणि 'इन युअर रूम्स' (२००७) या नृत्यांनी त्यांचे नाव झाले आणि २००८ मध्ये त्यांनी स्वतःची मंडळी काढली. त्यांचे वेगळेपण असे की नृत्य आणि संगीत दोन्ही त्यांचेच. या खेळात तालवाद्यांच्या मांडणीत यारॉन एंग्लर आणि तंतुवाद्यांच्या मांडणीत नेल कॅचपोल यांचा हात आहे. मध्येच बाख आणि वेर्दी यांच्या संगीताचे तुकडेही येतात. पण पाया ढोलांचा, आणि ते ढोल रंगमंचावर तुमच्या डोळ्यांसमोर वाजतात.

सुरुवात अशी: जपानी योद्ध्याच्या चिलखतातला एक माणूस एकटा उभा राहतो, तलवार आपल्याच पोटात खुपसतो आणि बराच वेळ तडफडून मरतो. मग काळोख. त्यातून प्रकाशाचा झोत येतो आणि मागे माळ्यांसारखी रचना दिसते. खालच्या रांगेत लष्करी पोशाखातले ढोलवादक, त्यांच्या वर इलेक्ट्रिक गिटार घेतलेले वादक, आणि मायक्रोफोनपुढे एक माणूस घसा फाडून ओरडत असतो. तो कोणत्या भाषेत ओरडतो ते कळत नाही, कारण ती कोणतीच भाषा नाही. कधी तो पुढारी वाटतो, कधी तरुणांचा लाडका गवई. दोघांच्या हावभावांत फार फरक नसतो, हे शेख्टरांनी बरोबर हेरले आहे.

आणि खाली, सपाट जमिनीवर, नाचणारी माणसे. कपडे मळकट, कैद्यांचे असावेत तसे. खांदे पडलेले, गुडघे वाकलेले, मान खाली. हात मात्र वर जातात आणि बोटे थरथरत राहतात. ते वर गेलेले हात क्षणात तेफिला करणाऱ्याचे वाटतात, क्षणात शरण आलेल्याचे, क्षणात लग्नात नाचणाऱ्याचे. मग हीच माणसे हात धरून कडे करतात, पाय ओळीत पडू लागतात, आणि आपल्या ध्यानात येते की हे आपल्या ओळखीचे आहे. हा होरा आहे. आपल्या प्रत्येक शाळेच्या अंगणात, प्रत्येक योम हाअत्स्माउतला जो पाहिला तोच.

संगीताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खेळाचे खरे म्हणणे तिथे आहे. ढोलवादक बहुतेक वेळ एकच ठोका मिळून देतात. आपल्याकडे तबलजी जसा मात्रांशी खेळतो, एखादी मात्रा लपवतो, समेवर येण्याची वाट पाहायला लावतो, तसले इथे काही नाही. ठोका सरळ, जड, पुन्हा पुन्हा तोच. कानांपेक्षा तो छातीला आधी लागतो. खाली नर्तकांचे पाऊल मात्र हलके आहे. ते जमिनीवर आदळत नाही, घसरत, दबकत पडते. इतका प्रचंड आवाज आणि इतके मऊ पाय, ही विसंगती सुरुवातीला खटकली. मग उमगले की ती जाणून केलेली आहे. लोकनृत्यात ताल नाचणाऱ्याच्या अंगातून निघतो: टाळीतून, टाचेतून, हातातल्या वाद्यातून. इथे ताल नाचणाऱ्यांच्या हातून काढून घेतला आहे आणि माळ्यावर नेऊन ठेवला आहे. ढोल वर, माणसे खाली. ठोका कोणी द्यायचा आणि पाऊल कोणी टाकायचे याची वाटणी झाली की नाचाची कवायत होते. ही गोष्ट शेख्टरांनी एकही भाषण न करता दाखवली, आणि हीच या नृत्याची सर्वांत मोठी करामत होय.

खेळाच्या मध्ये एक वाक्य उजेडाच्या अक्षरांत उमटते. आधी अर्धे: 'जिथे दडपण आहे, तिथे…' मग उरलेले: '…लोकनृत्य आहे.' प्रेक्षकांत हशा पिकला. नातही हसली. आम्हांला हसू आले नाही.

मुंबईच्या आमच्या शाळेत लेझीम होती. लाकडी दांडा, साखळी, तिच्यात खुळखुळणाऱ्या चकत्या. एका बाजूला ढोल आणि हलगी, समोर ड्रिलचे सर शिट्टी घेऊन उभे. १५ ऑगस्ट जवळ आला की महिनाभर तालीम चाले. एक-दोन-तीन-चार, वाका, उठा, वळा. चुकले की रांगेबाहेर उन्हात उभे राहायचे. आणि तरीही, खरे सांगायचे तर, शंभर लेझिमा एकदम वाजल्या की अंगावर काटा येई आणि आपण कोणीतरी मोठे झालो असे वाटे. तो आनंद खोटा नव्हता आणि ती शिट्टीही खोटी नव्हती. दोन्ही एकाच अंगणात होत्या.

इथे आल्यावर होरा आला. आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की 'रिकुदे आम', म्हणजे या देशाची लोकनृत्ये, फार जुनी असावीत. तसे नाही. त्यांना जन्मतारखा आहेत. बारुख अगादती यांचा होरा १९२४ चा. 'मायिम मायिम' हा नाच एल्से दुब्लोन यांनी १९३७ मध्ये नआन किबुत्सला पाणी लागले त्या आनंदासाठी बसवला. १९४४ मध्ये गुरित कादमान यांनी दालिया किबुत्सवर लोकनृत्यांचा पहिला मोठा मेळावा भरवला. नाना देशांतून आलेल्या लोकांचे एक राष्ट्र करायचे होते, त्यासाठी एक पाऊल हवे होते, म्हणून ते पाऊल तयार करण्यात आले. यात आम्ही दोष काढत नाही. पण लोकांतून उगवलेले नृत्य वेगळे आणि लोकांसाठी बसवलेले वेगळे. शेख्टर या दुसऱ्या प्रकारात वाढलेले आहेत आणि त्यांच्या विनोदाला धार आहे ती तिथून.

आता एक कबुली. शिक्षकाच्या नोकरीत आम्हीही शिट्टी धरली आहे. एका वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या तालमीत एक नवा आलेला मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता. कड्यात येईना. आम्ही त्याचे मनगट धरले आणि त्याला दोन मुलांच्या मध्ये उभे केले. तो नाचला, म्हणजे पाय हलवले. मान खाली होती आणि खांदे पडलेले होते. त्या वेळी आम्हांला वाटले, मुलगा आज वर्गाचा झाला. सॅडलर्स वेल्सच्या रंगमंचावर नेमके तसे खांदे पाहिले तेव्हा मनात आले, आपण त्याला काय शिकवले? शेकडो विद्यार्थ्यांची नावे आजही आठवतात, पण त्याचे नाव काही केल्या आठवले नाही. एखादी कलाकृती इतक्या वर्षांनी अशी जाब विचारते, तेव्हा ती फॅशन म्हणून केलेली नाही, हे उघड आहे.

परंतु टीका करायची तर पुरती करावी. शेख्टरांचे वाक्य अर्धे खरे आहे.

आपल्या घरात मेंदीच्या रात्री बाया ढोलकीभोवती बसून गात, तेव्हा त्यांना कोणी दडपण घातले होते? आपले कीर्तन घ्या. बेने इस्राएलांत मराठी कीर्तनाची प्रथा १८८० पासून आहे. कीर्तनात ढोलकीवाला कीर्तनकाराच्या तोंडाकडे पाहत असतो. आब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढू लागला की ढोलकी हळू होते; सुरी उचलली की थांबते. ऐकणाऱ्यांचा श्वास सुटेपर्यंत ती पुन्हा वाजत नाही. तिथे ढोल माणसांचे ऐकतो. येमेनी स्त्रियांच्या हातातला पत्र्याचा डबा आणि तांब्याची थाळी यांचेही तेच, आणि सारा लेवी-तनाई यांनी आपल्या इनबाल मंडळीत ही परंपरा रंगमंचावर आणताना तो जिव्हाळा जपला. शेख्टरांच्या सबंध खेळात ढोल खालच्या माणसांचे एकदाही ऐकत नाही. एकदा जरी एखाद्या नर्तकाच्या पावलाने ठोका बदलला असता, तरी दडपण म्हणजे काय हे अधिक कळले असते. सगळीकडे अंधारच असला तर अंधार मोजायचा कशाने?

दुसरी गोष्ट, ओळ नेहमी वाकलेलीच असते असे नाही. आम्ही या देशात आलो त्यानंतर थोड्याच काळात, १९६४ च्या उन्हाळ्यात, लग्नाच्या प्रश्नावर रब्बीनेटने आपल्या लोकांच्या यहुदीपणावर शंका घेतली म्हणून आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. म्हातारी होती, लेकुरवाळ्या बाया होत्या. माळ्यावर कोणी ढोल वाजवत नव्हते. ऑगस्टमध्ये क्नेसेतला त्यावर खास बैठक घ्यावी लागली आणि रब्बीनेटला आपल्या आदेशातून 'बेने इस्राएल' हे नाव काढावे लागले. दडपणाखाली माणसे एका ओळीत येतात हे खरे. पण त्या ओळीतून मान वर करणारीही निघतात. शेख्टरांच्या खेळात हे दुसरे फारसे दिसत नाही. त्यांच्या माणसांना सोसणे येते, नाही म्हणणे येत नाही.

शेवटाविषयी आमचे आणि नातीचे मत जुळले नाही. शेवटी ढोल ओसरतात आणि जोनी मिचेल यांचे एक जुने, शांत गाणे लागते. मग सबंध खेळ भराभर उलटा फिरतो: माणसे मागे मागे जातात, आणि मेलेला योद्धा पुन्हा उठून उभा राहतो. नातीला यात आशा दिसली. आम्हांला ती पळवाट वाटली. आमच्या पिढीला चांगले ठाऊक आहे की काळ उलटा फिरत नाही. तासभर इतक्या निष्ठुरपणे सांगितलेली गोष्ट अशी गोड करून सोडणे आम्हांला रुचले नाही. तसेच तो ओरडणारा पुढारी फार सोपा आहे. खरे पुढारी हळूही बोलतात, आणि तेव्हाच ते अधिक धोक्याचे असतात.

एवढे म्हणूनही आमचा निर्वाळा असा की हे मोठे काम आहे. नर्तकांची एकजूट विलक्षण आहे. इतकी माणसे एका श्वासाने हलतात आणि तरी प्रत्येकाचा चेहरा वेगळा राहतो. ली करन यांची प्रकाशयोजना तलवारीसारखी कापते: आत्ता होते ते क्षणात नाहीसे होते, आणि वरचे वादक अंधारातून एकदम उगवतात. ढोल, उजेड आणि माणसे यांचे असे एकजीव काम आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. आणि जो माणूस आपल्या बालपणीच्या नाचाकडे इतक्या कठोरपणे पाहतो, त्याचे त्या नाचावर प्रेमही असते. कडे धरल्यावर त्या थकलेल्या नर्तकांच्या अंगात जी ऊब येते, ती द्वेषातून आलेली नाही.

वाचकांपैकी ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा जे कानाला यंत्र लावतात त्यांनी जपून जावे. यंत्र काढून खिशात ठेवले तरी ढोल ऐकू येतील. बाकीच्यांना नातवंडांनी बोलावले तर जरूर जावे, कापसाचे दोन बोळे घेऊन. आणि परतताना त्यांना आपल्या लेझिमीची गोष्ट सांगावी, शिट्टीसकट. आम्ही सांगितली. नात घरी पोहोचेपर्यंत विचारत होती, लेझिमीत आवाज नेमका कुठून येतो म्हणून. घरी लेझीम नव्हती. शेवटी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दाखवले.