गट्टूच्या हातातला ब्रश

व्यंगचित्र म्हटलं की आपल्या पोरांना २०१२ साल आठवतं. शाळेच्या पुस्तकात छापलेलं शंकरचं १९४९ मधलं चित्र. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. त्यावर आपली माणसं रस्त्यावर आली. पुढे २०१९ मध्ये उन्नमती स्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरची तसली शेकडाभर चित्रं एका पुस्तकात गोळा करून पुरावाच मांडला. हे व्हायलाच हवं होतं. पण जे चित्र शिवी देत नाही, उलट लाडानं हसतं, ते तपासायचं कुणी? मागच्या रविवारी विहारात मी गट्टूचं नाव काढलं तर एक मित्र म्हणाला, "रंगाच्या डब्यावरचं पोरगं ते, त्याच्यावर काय टीका लिहिणार तू?" त्यालाच हे उत्तर समजा.

एशियन पेंट्स ही १९४२ साली मुंबईत एका गॅरेजात सुरू झालेली कंपनी. १९५४ साली तिनं आर. के. लक्ष्मण यांच्याकडून एक पोरगं काढून घेतलं. कपाळावर केसांची झुलूप, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा, आणि नजरेत खोडी. नाव सुचवा, ५०० रुपये बक्षीस, अशी स्पर्धा लावली. ४७ हजारांवर नावं आली, त्यातून मुंबईच्या दोघांनी सुचवलेलं 'गट्टू' ठरलं. बारक्या डब्यांतून रंग खेड्यापाड्यांत गेला, त्याबरोबर गट्टूही गेला. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं तो दुकानात जाऊन "तो पोरगावाला डबा द्या" म्हणायचा. एवढी ओळख आपल्या किती कवींना मिळाली?

माझा चुलता पेंटर. रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतचा किनारा त्याच्या हाताखालून गेलाय. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, आणि नारळी पुनवेच्या आत त्या रंगवून द्यायच्या असतात. मी अकरा-बारा वर्षांचा असताना त्याच्या मागं डबे घेऊन फिरायचो. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, मग त्यानं खडूनं आखलेल्या अक्षरांत रंग भरायचा. रात्री रॉकेलनं हात धुवायचे आणि त्याच हातानं भाकरी. भाकरीला वास यायचा. अक्षराचं वळण मी शाळेत नाही, होडीवर शिकलो. आता रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो, तापलेल्या सळ्यांपुढं उभा राहतो, पण कविता लिहिताना ओळ अजून खडूनं आखल्यासारखीच दिसते.

तेव्हा गट्टू मला आवडायचा हे आधीच कबूल करतो. चुलत्याच्या पेटीत त्याचे जुने डबे होते, खिळे ठेवायला. ह्या देशात छापलेल्या चित्रांत आपल्यासारखं काम करणारं पोरगं मी पहिल्यांदा तिथंच बघितलं. पुस्तकातली पोरं बागेत जायची, आजोळी जायची. हे एकटं कामाला लागलेलं.

आणि घोटाळा तिथंच आहे. लक्ष्मणनं ते काम म्हणून काढलंच नाही, खोडी म्हणून काढलं. गट्टू कुणाकडं मजुरीला नाही. त्याला मालक नाही, संध्याकाळ नाही, दुखरा खांदा नाही. तो गंमत म्हणून रंग फासतो आणि बघणारा म्हणतो, काय गोड आहे! खोडीला मजुरी नसते. संविधान १९५० साली लागू झालं, त्यातलं कलम २४ सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही. त्यानंतर चारच वर्षांनी हे पोरगं ब्रश घेऊन भिंतीवर आलं आणि कुणालाही त्याचं वय विचारावंसं वाटलं नाही. रंग म्हणजे खेळण्यातलं पाणी नव्हे. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० च्या वर नको, हा नियम व्हायला २०१६ उजाडलं. मी लक्ष्मणवर खटला भरत नाहीये. मी नजरेबद्दल बोलतोय.

ती नजर समजायला त्यांचं दुसरं पोर बघा. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त आलेला कॉमन मॅन. धोतर, चौकड्यांचा कोट, गोल चष्मा, झुपकेदार मिशी. लक्ष्मण स्वतः सांगायचे की सुरुवातीला बंगाली, तमीळ, पंजाबी असे नाना प्रांतांचे लोक काढायचो, वेळेच्या घाईत एकेक गळत गेला आणि हा उरला. म्हणजे प्रांत मोजले होते, जात मोजलीच नव्हती. सगळे गळल्यावर कोण उरतो, तर ज्याला कुणी "तू कोण?" असं विचारत नाही तो. १९८८ साली दूरदर्शनवर त्यांच्याच पात्रांवरून 'वागले की दुनिया' आली तेव्हा ह्या बिनआडनावाच्या माणसाला आडनाव लागलं. कांबळे नाही लागलं!

तो कॉमन मॅन बोलत नाही, म्हणून त्याचं केवढं कौतुक. मित्रांनो, मुकेपणाचा अर्थ आपल्याला शिकवू नका म्हणावं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो तोंड बंद केलेल्यांसाठी. ह्याचं तोंड कुणी बंद केलेलं नाही, ह्याला बोलायची गरजच पडत नाही. तो मंत्र्याच्या मागं उभा राहून बघतो. विनोद चांगले आहेत, मीही हसलोय. पण त्याच्या हातात फार तर छत्री असते. त्याच्या नावानं १९८८ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुण्यात सिंबायोसिसमध्ये पुतळा झाला, वरळीला समुद्रकिनारी दुसरा बसला.

एकाच हातानं काढलेली ही दोन माणसं. बघणारा ब्राँझचा झाला. ब्रश धरणाऱ्याला २००२ मध्ये घरी पाठवला. कंपनीला आता डबा नाही, 'घर' विकायचं होतं. त्यानंतरच्या जाहिरातींत भिंतीपुढं बसलेलं कुटुंब दिसतं, भिंत रंगवणारा फारसा दिसत नाही. मी जन्मलो त्याच सुमाराची ही गोष्ट.

चुलता मात्र अजून रंगवतो. २० मार्चला महाडला जाणाऱ्यांचे फलक, १४ एप्रिलच्या कमानी, वस्तीच्या नावाचा निळा बोर्ड, सगळं त्याच्या हातचं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकतो. मी विचारलं, लक्ष्मण पण असंच टाकायचे, म्हाइताय का? तर म्हणाला, "त्यांचं छापून यायचं, माझं पावसात जातं."

आमच्या बाजारपेठेत एका हार्डवेअरच्या शटरवर ऐंशीच्या दशकात त्यानंच गट्टू काढला होता, डब्यावरून चौकटी पाडून, माणसाएवढा. पुढं मालकानं सांगितलं, हे जुनं झालं, पुसून टाक. ह्यानं राखाडी रंगाचे दोन हात मारले. किनाऱ्याची खारी हवा, पत्रा फुगला, दोन पावसाळ्यांत खपल्या पडायला लागल्या आणि आधी ब्रश दिसला, मग बोटं. मालक परत बोलावणं धाडतोय. चुलता म्हणतो, आधी त्या दोन हातांचे पैसे दे.