पहिला मान

खेळावरचा चित्रपट म्हटला की शेवटच्या पाच मिनिटांत मैदान, घाम आणि टाळ्या हे ठरलेलेच. आयव्हन राइटमन यांनी दिग्दर्शित केलेला ‘ड्राफ्ट डे’ हा 2014 सालचा अमेरिकन चित्रपट मात्र निराळ्या वाटेने जातो. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. पण सामना असा जवळजवळ नाहीच. जे काही घडते ते बहुतेक टेलिफोनवर, एका दिवसात, आणि एकाच प्रश्नाभोवती. सगळी पुंजी एका गुणी पोरावर लावावी, की तीच पुंजी चार साध्या पोरांत वाटावी?

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला परदेशी फुटबॉलशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात मुले चार आणि पैसा एकाच्याच शिक्षणापुरता असतो, त्या घराला हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. शाळामास्तर म्हणून अशा घरांतले आईबाप माझ्यापुढे येऊन बसतात. त्यामुळे हा चित्रपट मी करमणूक म्हणून पाहायला घेतला आणि हिशेबाची वही उघडावी तसा पाहत राहिलो.

आधी थोडा खुलासा केला पाहिजे. हा फुटबॉल आपला नव्हे. यातला चेंडू लांबोडका; तो हातात धरून पळतात आणि फेकतात. डाव चालवणारा व चेंडू फेकणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक; संघाचे सारे दैव बहुधा त्याच्या खांद्यावर. कॉलेजांतून बाहेर पडणारे खेळाडू व्यावसायिक संघांनी दरवर्षी एकेक करून निवडायचे, याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. संघ 32 आणि फेऱ्या 7. गेल्या हंगामात जो सर्वांत हरला त्याला पहिल्या निवडीचा मान, म्हणजे दुबळ्याला हात देण्याची ही रीत. 1936 साली फिलाडेल्फियात ती सुरू झाली, आणि गंमत अशी की, पहिल्याच वर्षी ज्याला पहिला मान मिळाला तो जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. रीतीने जन्मतःच शहाणपणाचा धडा दिला होता. घेतला कोणी नाही.

हे मान विकता येतात, हीच यातली खरी मेख. पहिला मान दुसऱ्याला द्यावा आणि त्याच्या बदल्यात खालचे दोन-तीन घ्यावेत, याला आपण खाली उतरणे म्हणू. उलट पुढच्या वर्षांचे मान गहाण टाकून आज वर चढता येते. 1990 च्या सुमारास डॅलसच्या संघाने याचे एक कोष्टकच बनवले. पहिल्या मानाचे मोल 3000, पाचव्याचे 1700, सातव्याचे 1500. मॅट्रिकपर्यंतच्या गणितालाही कळेल की, सात नंबरवाल्याने एकवर जायचे तर त्याला आपल्यासारखे दोन मान मोजावे लागतील.

चित्रपटाचा नायक सनी वीव्हर हा क्लीव्हलँडच्या संघाचा कारभारी. केव्हिन कॉस्टनरने ही भूमिका फार समजून केली आहे. नुकताच वारलेला बाप, शहराची अधीरता, मालकाचा धाक, हे सारे त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावर दिसते. त्याच्याकडे सातवा मान आहे. सकाळीच सिअ‍ॅटलहून फोन येतो, आणि पहिल्या मानासाठी सनी तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे मान देऊन बसतो. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, बो कॅलाहन हा देखणा क्वार्टरबॅक. पण दिवसभर चौकशा चालतात आणि कळते की, या मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाला त्याच्या संघातला एकही सोबती गेला नव्हता. दुसरीकडे व्हाँटे मॅक हा बचावातला गडी. चॅडविक बोझमनने तो मोठ्या आपुलकीने उभा केला आहे. सामन्यात हाती आलेला चेंडू प्रेक्षकांतल्या आपल्या आजारी बहिणीला दिला म्हणून त्याच्यावर शिस्तभंगाचा ठपका आहे. संध्याकाळी सनी पहिल्या मानावर सगळ्या जगाला चकित करून मॅकचे नाव घेतो.

इथवर चित्रपट उत्तम आहे. मुलाची पारख त्याच्या गुणपत्रकावरून करावी की सोबत्यांवरून, हा प्रश्न त्याने नेमका पकडला आहे. इथेच तो संपला असता, तर मी त्याला मोठा चित्रपट म्हटले असते. कारण आता सनीकडे त्याचा आवडता मुलगा आहे आणि पुढची दोन वर्षे मोकळी आहेत. त्याने किंमत मोजली आहे.

पण लेखकांना नायकाचे नुकसान पाहवत नाही. सगळे संघ कॅलाहनविषयी साशंक होतात आणि तो खाली घसरत जातो. सनी जॅक्सनव्हिलकडून सहावा मान उपटतो. मग सातव्या क्रमांकावर टपलेल्या सिअ‍ॅटलला तो विकून आपले सगळे मान परत घेतो, वर एक खेळाडू घेतो, आणि सातव्या मानावर दुसरा हवा असलेला मुलगाही पटकावतो. म्हणजे वरही चढला आणि खालीही उतरला. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मला मात्र वाटले, ज्या प्रश्नासाठी दीड-दोन तास बसवून ठेवले, तोच हळूच खिशात घातला. ज्या निवडीत काहीच सुटत नाही ती निवड कसली?

बारकाईने पाहिले तर काही सुटलेही आहे, आणि गंमत म्हणजे ते चित्रपटाच्याच ध्यानात नाही. सहाव्या मानासाठी सनीने तीन वर्षांचे दुसऱ्या फेरीचे मान दिले. चित्रपटाच्या लेखी ती चिल्लर. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन विद्वानांनी याच विषयावर 2013 साली एक निबंध प्रसिद्ध केला. थेलर यांना पुढे 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा निष्कर्ष असा की, संघ पहिल्या काही मानांना फार चढी किंमत देतात. दिलेल्या पगाराच्या मानाने सर्वांत जास्त लाभ खालच्या, विशेषतः दुसऱ्या फेरीतल्या, खेळाडूंकडून होतो. एकाच जागेवरच्या दोन लागोपाठ निवडलेल्या खेळाडूंत आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता जेमतेम 52 टक्के. म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडेसेच बरे! 2011 च्या करारात नवोदितांचे पगार खाली आल्यापासून हा हिशेब काहीसा बदलला, हेही सांगितले पाहिजे. पण भविष्य ओळखण्याची माणसाची ऐपत कोणत्याही कराराने वाढत नाही.

प्रत्यक्षातला दाखला हवा असेल तर सॅन डिएगोचा घ्यावा. 1998 साली पेटन मॅनिंग आणि रायन लीफ हे दोन नामांकित क्वार्टरबॅक एकाच वेळी पुढे आले. पहिला मान इंडियानापोलिसचा. त्यांनी तो न विकता मॅनिंग घेतला आणि 2006 च्या हंगामात अजिंक्यपद मिळवले. तिसऱ्या क्रमांकावरच्या सॅन डिएगोने अवघी एक पायरी चढण्यासाठी आपला तिसरा मान, दुसऱ्या फेरीचा मान, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा मान आणि दोन खेळाडू दिले, आणि लीफ घेतला. तो टिकला नाही. 2000 च्या हंगामात हा संघ 16 पैकी 1 सामना जिंकला. त्यामुळे 2001 साली पहिला मान आपोआप त्यांच्याकडे आला. या वेळी ते खाली उतरले. मायकेल व्हिक हा विजेसारखा क्वार्टरबॅक अटलांटाला घेऊ दिला. बदल्यात पाचवा मान, तिसऱ्या फेरीचा मान, पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा मान आणि एक खेळाडू घेतला. पाचव्या मानावर लाडेनियन टॉमलिन्सन आला; 2006 च्या हंगामात 31 टचडाऊन करून त्याने विक्रम केला. आणि दुसऱ्या फेरीच्या आरंभी, आपल्याच हक्काच्या मानावर, त्यांना ड्रू ब्रीझ मिळाला. व्हिक घेतला असता तर दुसरा क्वार्टरबॅक कशाला घेतला असता? खाली उतरल्यामुळे दार उघडे राहिले.

तर मग खाली उतरावे, हेच उत्तर? तसेही नाही. चित्रपटातला संघ खरा आहे, आणि दोनच वर्षांनी, 2016 साली, खऱ्या क्लीव्हलँडने आपला दुसरा मान फिलाडेल्फियाला देऊन पुष्कळ मान जमवले. पुढच्याच वर्षी, 2017 च्या हंगामात, ते 16 च्या 16 सामने हरले, आणि अजिंक्यपद फिलाडेल्फियाने नेले. बियाणे पोतेभर असले तरी शेत कसणारा हात लागतो. आणि ब्रीझचेही पाहा: तो 2006 साली न्यू ऑर्लिन्सला गेला आणि अजिंक्यपद त्याने तिथे मिळवून दिले. सॅन डिएगोने पिकवलेले दुसऱ्याच्या कणगीत गेले.

माझे मत विचाराल तर, ज्या घराचे एकच वासे मोडले आहे त्याने एकच सागवानी वासा घ्यावा; ज्याचे छप्परच उडाले आहे त्याने मिळतील तितके वासे गोळा करावेत. पहिल्या मानाचे संघ बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात. शिवाय आणखी एक गोष्ट कोष्टकात नसते. किंमत देणारा कारभारी देऊन मोकळा होतो; ओझे मात्र मुलाच्या डोक्यावर येते. लीफ 21 वर्षांचा होता. त्याच्या प्रत्येक चुकीत लोकांना दिलेले मान आणि गेलेले खेळाडू दिसत होते. घरातल्या ज्या एका मुलासाठी बाकीच्या तिघांची शाळा सुटली, त्याच्या पाठीवर ते तिघे बसलेलेच असतात. तो नापास झाला तर चौघे नापास होतात.

‘ड्राफ्ट डे’ने हे ओझे पाहिले नाही. मॅक कसा खेळला, कॅलाहनचे पुढे काय झाले, हे कळण्याआधीच तो नायकाला विजयी ठरवतो. बाजारात तुरी, आणि इथे पुरणपोळीच्या पंगती उठल्यादेखील! तरीही चित्रपट जरूर पाहावा. कॉस्टनर आणि बोझमनसाठी, आणि घरच्या मंडळींत वाद रंगवण्यासाठीही. मी मात्र त्याला मनात एक प्रसंग जोडून घेतला आहे. पुढचे वर्ष. तेच सभागृह. दुसरी फेरी सुरू होते, एकेका संघाला पुकारले जाते, कुठेतरी एखादा ब्रीझ आपल्या नावाची वाट पाहत बसला आहे, आणि क्लीव्हलँडच्या टेबलावरचा टेलिफोन वाजत नाही.