३३ रुग्ण, पण कितींपैकी?

इब्रुटिनिब आणि बुरशीचा संसर्ग हा विषय निघाला की २०१८ चा 'ब्लड'मधला फ्रेंच पेपर पुढे केला जातोच. १६ केंद्रांतून गोळा केलेले ३३ रुग्ण, बहुतेक सीएलएलचे, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियाचे. त्यातल्या २७ जणांना ॲस्परजिलस झालेला, आणि त्यांच्यापैकी साधारण ४० टक्के लोकांच्या मेंदूपर्यंत पोचलेला. निम्म्यांच्या बाबतीत तर गोळ्या सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

मी हा पेपर जर्नल क्लबमध्ये मांडला तेव्हा ठासून सांगितलं, की या गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांना बुरशीविरोधी औषध आधीच सुरू करा. एका सीनियरने शांतपणे विचारलं, "३३, पण कितींपैकी?" माझी बोलतीच बंद. शाळेतलं गणित हो! अंश आहे, छेद नाही. अशा केस सिरीजमधून धोका कळतो, त्याचं प्रमाण नाही.

शिवाय निम्म्याहून जास्त रुग्णांच्या बाबतीत स्टिरॉइड्स, कमी झालेल्या पेशी किंवा सोबतची केमो अशी इतर कारणंही होती. लेखकांनी हे लपवलेलं नाही. आपणच सारांश सांगताना ते गाळतो.

'कॅन्सर सेल'मधल्या २०१७ च्या अभ्यासाचंही तेच. १८ पैकी ७ जणांना ॲस्परजिलोसिस, म्हणजे ३९ टक्के. पण ते मेंदूच्या लिम्फोमाचे रुग्ण, वर स्टिरॉइड आणि केमो. तो आकडा सीएलएलला चिकटवणं चूकच. त्यातला उंदरांचा प्रयोग मात्र मला पटतो: बीटीके नसलेल्या उंदरांना ही बुरशी आवरली नाही. पण मग जन्मतःच बीटीके नसलेल्या मुलांना, म्हणजे ब्रूटनच्या आजारात, ॲस्परजिलोसिस इतका क्वचित का दिसतो? इब्रुटिनिब आयटीकेसारखी इतर एन्झाइम्सही अडवतं, कदाचित उत्तर तिथे असेल.

आणि "देऊन टाका, काय बिघडतं?" असंही नाही. व्होरिकोनाझोल यकृतातलं सीवायपी३ए४ अडवतं, त्यामुळे इब्रुटिनिबची रक्तातली पातळी कित्येक पट चढते. डोस कमी केला नाही तर रक्तस्राव आणि हृदयाचे अनियमित ठोके यांचा धोका वाढतो. माझ्या त्या दिवशीच्या सल्ल्यात हे कुठेच नव्हतं.

घरात कुणी या गोळ्यांवर असेल तर मनाने बंद करू नका. पण पहिल्या काही महिन्यांत ताप, न जाणारा खोकला, नवीन डोकेदुखी किंवा बोलताना अडखळणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.