१९८८: रेघेला वजन आलं तेव्हा

अ‍ॅनिमेशनच्या इतिहासातलं एक वर्ष निवडा म्हटलं की बहुतेक जण १९३७ म्हणतात, ‘स्नो व्हाइट’साठी, नाहीतर १९९५, ‘टॉय स्टोरी’साठी. मी १९८८ निवडेन. त्या वर्षी कुठलंही नवं यंत्र अवतरलं नाही. पण जपान, इंग्लंड आणि चेकोस्लोव्हाकिया अशा तीन देशांत, एकमेकांशी देणंघेणं नसलेल्या मंडळींनी हाताने काढलेल्या आणि हाताने हलवलेल्या आकृतींना वजन दिलं. पात्र उभं राहिलं की जमिनीला ते जाणवलं पाहिजे, पात्रावर पाऊस पडला की ते भिजलं पाहिजे, एवढीच साधी मागणी. ती पुरी करायला मात्र भयंकर मेहनत लागते.

टीव्हीवर तेव्हा याच्या नेमकं उलट चाललं होतं. अमेरिकेतल्या शनिवार सकाळच्या मालिकांमध्ये बरंच काही खेळणी विकण्यासाठीच बनत होतं: ओठ हलायचे, बाकी देह जागच्या जागी, आणि मागून तेच झाड पुन्हा पुन्हा सरकत जायचं. आपल्याकडे ‘रामायण’ आणि ‘महाभारता’त बाण हवेत एकमेकांवर आदळत होते आणि घराघरांत लोक हात जोडून बसले होते. श्रद्धेला वजनाची गरज नसते. जपानी टीव्हीवर ऑक्टोबरात ‘आनपानमान’ सुरू झाला. त्याचा नायक स्वतःचं पावाचं डोकं तोडून भुकेल्याला खायला देतो. चित्रं अगदी साधी, पण कल्पना अशी भन्नाट की ती मालिका आजतागायत चालू आहे.

तर सिनेमा. १६ एप्रिल १९८८ रोजी स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट एकाच तिकिटावर लागले: हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ आणि इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. एकात खेड्यातल्या दोन बहिणी आणि झाडात राहणारा गुबगुबीत प्राणी. दुसऱ्यात १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत आई गमावलेली, उपासमारीने झिजत जाणारी भावंडं. मुलांना घेऊन हा जोडकार्यक्रम बघायला गेलेल्या आयांचं काय झालं असेल, कोण जाणे.

‘तोतोरो’तला बसथांब्याचा प्रसंग बघा. धाकटी मेई थोरल्या सात्सुकीच्या पाठीवर झोपलीय, पाऊस पडतोय, बसचा पत्ता नाही. शेजारी तोतोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान ठेवून. सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते. झाडावरून एक थेंब छत्रीवर टपकतो आणि त्या आवाजाने तो प्राणी चकित होतो. मग तो मोठ्ठी उडी मारतो, जमीन हादरते आणि झाडांवर साठलेलं सगळं पाणी धो धो कोसळतं. एवढंच घडतं. इथे मियाझाकींनी घाई केलेली नाही; दोघांना नुसतं वाट बघत उभं केलंय. अ‍ॅनिमेशनमध्ये स्थिर उभं राहणं स्वस्तात होतं, म्हणूनच ते बहुधा मेलेलं दिसतं. इथे ते श्वास घेतं.

ताकाहातांची तऱ्हा आणखी कठोर आहे. अकियुकी नोसाका यांच्या कथेवरच्या या चित्रपटात गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. गोळ्या संपतात तेव्हा भाऊ सेईता डब्यात पाणी घालून खळखळवतो आणि छोटी सेत्सुको ते पिताना त्यात एकेका फळाची चव ओळखते. पुढे भुकेने भ्रमलेली तीच मुलगी गोळ्या समजून गोट्या चघळते. डब्याचा आवाज प्रत्येक वेळी बदलत जातो: भरलेला, अर्धा, पाण्याचा, आणि सुरुवातीच्याच दृश्यात ऐकलेला हाडांचा. हाच चित्रपट माणसं घेऊन का काढला नाही, असं विचारणारे अजून भेटतात. चार वर्षांच्या खऱ्या मुलीला इतकं वाळलेलं दाखवता आलं नसतं, आणि दाखवलं असतं तर आपण त्या मुलीचीच काळजी करत बसलो असतो. हा चित्रपट वेळेत पुरा झाला नव्हता. काही शॉट रंग न भरताच पडद्यावर गेले.

कात्सुहिरो ओतोमोंचा ‘अकिरा’ जुलैत आला. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये सहसा आधी चित्रं हलतात आणि मग आवाज बसवतात. ओतोमोंनी संवाद आधी मुद्रित केले आणि ओठ त्यावर बेतले. चित्रपटाचा मोठा भाग रात्रीचा असल्याने अंधाराच्या छटांसाठी नवे रंग तयार करावे लागले. मोटारसायकलींच्या मागच्या दिव्यांच्या रेषा हवेत रेंगाळतात आणि नायक कानेदा गाडी आडवी घसरवत थांबवतो. त्या थांबण्याची नक्कल आजही चालू आहे. कथेबद्दल मात्र मी इतका उदार नाही. ज्या मांगावर, म्हणजे चित्रकथेवर, चित्रपट बेतला ती स्वतः ओतोमोंचीच, पण तेव्हा पुरी व्हायची होती, आणि उत्तरार्धात ते जाणवतं. शहर कोसळत राहतं, माणसं ओरडत राहतात.

अमेरिकी पैशाने, पण अ‍ॅनिमेशनपुरता लंडनमध्ये घडलेला चित्रपट म्हणजे रॉबर्ट झेमेकिसचा ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’. खऱ्या माणसांत कार्टून आणायचं तर कॅमेरा हलवू नये, हा जुना दंडक. अ‍ॅनिमेशन-दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांनी तो धुडकावला. दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत डिटेक्टिव्हचं डोकं टांगत्या दिव्याला लागतं आणि दिवा झुलू लागतो. आता प्रत्येक फ्रेममध्ये सशाच्या अंगावरची सावली बदलायला हवी, आणि ती बदलते. दिवा झुलला नसता तर एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नसती. हॉलिवूडच्या तंत्रज्ञांत ‘दिव्याला धक्का’ हा अनावश्यक पण खऱ्या कष्टासाठीचा शब्दप्रयोगच होऊन बसला. विल्यम्स यांना विशेष ऑस्कर मिळालं ते रास्तच. डिटेक्टिव्ह झालेल्या बॉब हॉस्किन्सचंही कौतुक व्हायला हवं: समोर कुणी नसताना त्याची नजर सशाच्या डोळ्यांच्या उंचीवर नेमकी थांबते.

चेकोस्लोव्हाकियातल्या यान श्वांकमायरचा ‘अ‍ॅलिस’ यांच्यात बसत नाही, म्हणूनच तो हवा. त्यातला ससा पेंढा भरलेला मेलेला ससा आहे. छातीच्या भोकातून भुसा गळतो, आणि तो घड्याळ तिथूनच काढून चाटतो. एरवी गोंडस वाटणारी गोष्ट इथे शिळ्या वासाची, कुरकुरणारी होते. नोव्हेंबरात डिस्नेचा ‘ऑलिव्हर अँड कंपनी’ आणि डॉन ब्लूथचा ‘द लँड बिफोर टाइम’ एकाच दिवशी लागले; ब्लूथच्या डायनोसॉर-पिल्लाच्या आईचा मृत्यू सोडला तर दोहोंतलं फारसं लक्षात राहत नाही.

उरला पिक्सारचा पाच मिनिटांचा ‘टिन टॉय’. जॉन लॅसेटरच्या या लघुपटाने संगणकावर बनलेल्या चित्रपटाला पहिल्यांदा ऑस्कर मिळवून दिलं. आज पाहताना त्यातलं पत्र्याचं खेळणं अजून टवटवीत वाटतं: धावताना त्याची वाद्यं वाजतात आणि आपणच केलेल्या आवाजाने ते दचकतं. बाळ मात्र भयानक आहे. कातडी रबरी, लंगोट प्लॅस्टरचा, चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी मागून ओढल्यासारखं. पत्रा जमला होता, मांस नाही. पिक्सारने हे नीट ओळखलं. सात वर्षांनी पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट काढताना त्यांनी नायक निवडले ते खेळण्यांमधूनच, आणि माणसं शक्यतो कडेला ठेवली.